आटलेला स्वेटर आणि खारं पाणी

मापाचा स्वेटर लेकराचा कसा झाला?

संक्रांत उलटून आठ-पंधरा दिवस झाले, की अकोला-अमरावतीकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. स्वेटर घरी धुवावा का? आणि धुतला तर आटेल का? ज्यांनी एकदा हात पोळून घेतला आहे, ते स्वेटर न धुताच पेटीत टाकतात. ज्यांचा हात अजून पोळला नाही, ते चादरींबरोबर मशीनमध्ये टाकतात.

मी दुसऱ्या गटातला होतो. मोठ्या बहिणीनं दोन महिने खपून माझ्यासाठी मोरपंखी रंगाचा स्वेटर विणला होता. चांगली लोकर, उलट-सुलट टाके, गळ्याला दुहेरी पट्टी. फेब्रुवारीच्या शेवटी मी तो चादरींसोबत मशीनमध्ये घातला, चांगली मूठभर पावडर टाकली आणि चादरी मळल्या होत्या म्हणून गरम पाण्याचं बटण दाबलं. बाहेर आला तो जाड, ताठ आणि इवलासा. टाके दिसेनात. आत्यानं हातात धरून पाहिला आणि म्हणाली, "बाप्पा, हे त लेकराचं झालं!"

सुती शर्टही पहिल्या धुण्यात थोडा आटतो, हे खरं. पण ते आटणं वेगळं. मागावर ताणून विणलेले धागे पाणी लागताच सैल होतात आणि आपल्या मूळ लांबीला येतात. ओला असताना ओढून इस्त्री केली, की शर्ट बराचसा पूर्वपदावर येतो. माझा स्वेटर कितीही ओढला तरी हलेना. त्याचे धागे सैल झाले नव्हते, ते एकमेकांत अडकून बसले होते. असं का झालं हे कळलं, की लोकर कशी धुवावी हे पाठ करावं लागत नाही, आपोआप सुचतं. म्हणून आधी कारण, मग कृती.

झाडाचा धागा आणि अंगावरचा धागा

आपला मुलूख कापसाचा. कपडे धुण्याची आपली सगळी समज कापसावर तयार झाली आहे. वरठ्याची भट्टी आठवा. कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, वाफवायचे, मग दगडावर आपटायचे, पिळायचे आणि कडक उन्हात दोरीवर टाकायचे. कापूस हे सगळं सोसतो, एवढंच नव्हे तर त्यानं उजळतो. कापसाचा तंतू झाडाचा आहे, त्यातला मुख्य घटक सेल्युलोज. सेल्युलोजला खार, म्हणजे सोडा, फारसा इजा करत नाही. शिवाय ओला कापूस कोरड्या कापसापेक्षा मजबूत असतो, म्हणूनच तो धोपटण्याखाली टिकतो.

लोकर झाडाची नाही, अंगावरची आहे. ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. आपले केस, नखं, गाईची शिंगं, कोंबडीची पिसं ही सगळी त्याच कुळातली. केराटिनचा स्वभाव कापसाच्या नेमका उलटा. सौम्य आंबट त्याला मानवतं, खार मानवत नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के द्रावणात लोकर उकळली तर काही मिनिटांत विरघळून जाते, त्याच द्रावणात कापूस शाबूत राहतो. आणि लोकर ओली झाली की मजबूत होण्याऐवजी अशक्त होते, स्वतःच्या भारानं लोंबते.

घरोघरी येणारी धुण्याची पावडर कापूस आणि टेरिकॉटसाठी बनवलेली असते. तिच्यात सोडा असतो, तिचं पाणी चांगलंच खाराचं, म्हणजे अल्कधर्मी असतं. शिवाय बऱ्याच पावडरींत दुधा-अंड्याचे डाग काढण्यासाठी प्रथिनं पचवणारी एन्झाइम असतात. डाग हेही प्रथिन आणि स्वेटर हेही प्रथिन. एन्झाइम या दोघांत फरक करत नाही. ब्लीचचं तर नावच नको, ते लोकर सरळ खातं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत आलो आहे: स्वेटर हा कपडा समजू नका, केस समजा. डोकं आपण सोड्यानं धुतो का? आपटतो का? उकळत्या पाण्यात बुडवतो का?

एक केस घेऊन करायचा प्रयोग

आता मुख्य गोष्ट, आटण्याची. त्यासाठी डोक्याचा एक लांब केस हवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तो आडवा न धरता बोटांच्या दिशेनं उभा धरा आणि अंगठा मागे-पुढे, मागे-पुढे चोळत राहा. पाच-दहा वेळा चोळल्यावर दिसेल की केस एकाच बाजूला सरकत चालला आहे. तुम्ही दोन्हीकडे सारखंच चोळता आहात, तरी तो नेहमी मुळाच्या टोकाकडेच जातो. केस उलटा धरून पुन्हा करा, तो उलट दिशेला जाईल.

याचं कारण केसाच्या अंगावरचे खवले. कौलारू घरावर कौलं एकावर एक बसवलेली असतात तसे हे खवले केसावर बसलेले असतात आणि सगळ्यांची मोकळी कड शेंड्याकडे असते. मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर अडतं. म्हणून केसाला एकाच दिशेची वाट मोकळी असते, परतीची नसते.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर असेच खवले असतात. एका स्वेटरमध्ये असे असंख्य तंतू, कुणाचं मूळ इकडे तर कुणाचं तिकडे. कोमट-गरम पाण्यात तंतू फुगतात आणि लवचीक होतात. सोड्यानं खवले उघडतात. मग मशीन घुसळू लागली, की प्रत्येक तंतू आपापल्या मुळाच्या दिशेनं थोडा थोडा सरकतो आणि शेजाऱ्यात घुसतो. मागे फिरायला खवला अडवतो. हजारो फेऱ्यांनंतर सगळे एकमेकांत पक्के रुतलेले असतात. कापड आखूड होतं, जाड होतं आणि टाके दिसेनासे होतात.

काश्मीरमध्ये नमदा बनवतात तो याच गुणावर. लोकर पसरायची, गरम साबणपाणी शिंपायचं, गुंडाळून लाटायची. माग नाही, सूत नाही, तरी चांगली सतरंजी तयार होते. मी त्या दिवशी मशीनमध्ये जे केलं ते नमदा बनवणंच होतं, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

उष्णता, घुसळण आणि खार. तिन्ही एकत्र आले की आटणं अटळ. धुताना नुसतं भिजवलं, चोळलं नाही, तर साधं कोमट पाणी फारसं नुकसान करत नाही. यातली घुसळण सगळ्यात घातक.

काही स्वेटरांच्या टॅगवर 'मशीनमध्ये धुतला तरी चालेल' असं असतं. तिथे कारखान्यात लोकरीचे खवले क्लोरीननं झिजवून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो. कौलं काढून पत्रे टाकावेत तसं. अशी लोकर सरकते, पण अडकत नाही.

घोंगडी आणि काश्मिरी

सगळी लोकर सारखी नसते. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे मायक्रॉन. काश्मिरी किंवा कॅशमीर म्हणवून घ्यायला तंतूची सरासरी जाडी 19 मायक्रॉनच्या आत असावी लागते, उत्तम पश्मिना 15 च्या आसपास असतो. तो मेंढीचा नव्हे, बकरीचा. लडाखच्या चांगथांग पठारावर, 4,000 मीटरहून अधिक उंचीवर, बकऱ्यांना थंडीसाठी राठ केसांखाली मऊ लव फुटते. वसंतात ती गळू लागली की फणीनं विंचरून काढतात. एका बकरीची लव मूठ-दोन मुठी. त्यामुळे किंमत.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर याच्या दुप्पट-तिप्पट जाड आणि राठ. तिचीच धनगराची घोंगडी होते. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी हातात घ्या, ताठ पत्र्यासारखी लागते. पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून जातं. पऱ्हाटी निघाल्यावर आपल्या शेतांत मेंढ्या बसवायला येणारे काठेवाडी पाहिले असतील. त्यांच्या बायकांच्या डोक्यावर भर उन्हाळ्यातही काळी लोकरी ओढणी असते. लोकर फक्त थंडी अडवते असं नाही, ती उष्णताही तितकीच अडवते.

घोंगडी आणि काश्मिरी शाल, दोघींची निगा मात्र निराळी. घोंगडी झटकायची, ऊन दाखवायची, फारच मळली तर थंड पाण्यात बुडवून काढायची. साबण लावला की खळ जाते आणि तिचा ताठपणा संपतो. काश्मिरी शालीला झटकणंसुद्धा सोसत नाही. तिचे तंतू बारीक आणि आखूड असतात, घासले की टोकं वर येतात आणि त्यांचे बारके गोळे होतात. काखेत आणि पिशवीचा पट्टा घासतो तिथे हे गोळे आधी दिसतात. हा माल खोटा असल्याचा पुरावा नव्हे. शाल सपाट पसरावी आणि बारीक दातांच्या कंगव्यानं एकाच दिशेनं हलकेच विंचरावं. ओढून तोडू नये, प्रत्येक गोळ्याबरोबर आतले तंतूही निघतात.

खारपाणपट्ट्यात साबण का फसतो

लोकरीचं पुस्तक शिमल्यात लिहिलं तर या भागाची गरज नाही. वऱ्हाडात लिहिताना मात्र हा भाग टाळता येणार नाही.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर ही नावं आपल्या ओळखीची. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. या पाण्यात दोन दोष आहेत आणि दोन्ही साबणाच्या मुळावर येतात.

पहिला दोष जडपणाचा. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतं आणि न विरघळणारी चिकट साय तयार होते. दूध नासल्यावर फुटकऱ्या दिसतात तशी. फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी साबण लावतो, म्हणजे आणखी साय. सुती कपड्यावरून ती आपटून-खळबळून बरीचशी जाते. लोकरीच्या खवल्यांत ती रुतून बसते. मग स्वेटर धुऊनही मेणचट लागतो, पांढरा असेल तर करडा पडतो.

दुसरा दोष मिठाचा. साबणाच्या कारखान्यात तयार झालेला साबण पाण्यातून वेगळा काढायला मीठच घालतात, मिठाच्या पाण्यात साबण विरघळून राहत नाही. खाऱ्या बोअरचं पाणी तेच काम आपल्या बादलीत करतं.

आपलं पाणी कसं आहे ते घरीच पाहता येतं. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा आरओचं. दोन्हींत साबणाचा चिमूटभर कीस टाकून सारखंच हलवा. दुसरीत फेस उभा राहील, बोअरचं पाणी जड असेल तर पहिलीत गढूळ साय तरंगेल.

मग काय करावं? अकोला शहरात काटेपूर्णेच्या धरणाचं, म्हणजे महानचं पाणी येतं, अमरावतीत अप्पर वर्ध्याचं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरं. नळ आला त्या दिवशी लोकर धुवावी. बोअरशिवाय इलाज नसेल तर साबण सोडावा आणि रिठा घ्यावा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. ते फेस देतं, पण जड पाण्यात त्याची साय होत नाही. आणि रिठ्याचं पाणी किंचित आंबट असतं, लोकरीला हवं तसं. शालींसाठी रिठा वापरण्याची जुनी रीत म्हणूनच टिकली. दुकानात लोकरीसाठी म्हणून मिळणारे इझीसारखे द्रवही चालतात, ते साबण नसून सौम्य डिटर्जंट असतात.

एक स्वेटर, दोन बादल्या

दहा-बारा रिठे फोडून बिया काढा. साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पाच मिनिटं उकळा, निवल्यावर कुस्करून फडक्यातून गाळा. एका-दोन स्वेटरांना एवढं पुरे. पांढऱ्या लोकरीवर रिठ्याची पिवळसर झाक येऊ शकते, तिथे द्रव वापरावा.

धुण्याआधी स्वेटर जुन्या वर्तमानपत्रांवर पसरा आणि पेन्सिलीनं त्याची आकृती काढून ठेवा. हे का, ते पुढे कळेल.

बादलीत पाणी इतकंच कोमट असावं की मनगट बुडवलं तर ना गार वाटावं, ना ऊन. इथे एक सावधगिरी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मार्चमध्ये दुपारी तीनला हात भाजेल इतकं तापतं. 'नळाचं थंड पाणी' म्हणून आपण तेच घेतो आणि नंतर नवल करतो. लोकर सकाळी धुवावी.

रिठ्याचं पाणी मिसळा, स्वेटर उलटा करून बुडवा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. बाहीच्या कडा आणि गळा मळले असतील तर तळहातानं हलके दाबा, कणीक मळायची नाही. मग खालून दोन्ही हातांचा आधार देऊन, बाळाला न्हाणीतून उचलावं तसा उचला. बाह्या धरून उचलला तर पाण्याच्या भारानं लांबतो.

दुसऱ्या बादलीतलं पाणी पहिल्याइतकंच कोमट हवं. एकदम गार पाण्यात टाकला की तंतू आखडतो. दोनदा खळबळल्यावर शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर घाला. धरणाच्या पाण्याच्या बादलीला दोन मोठे चमचे, बोअरच्या बादलीला अर्धी वाटी, कारण ते पाणी मुळातच अल्कधर्मी असतं. खवले मिटतात, लोकर मऊ लागते, रंग उजळतो. वास वाळताना उडून जातो.

पिळायचा नाही. मोठ्या कोरड्या टॉवेलवर पसरून पोळीसारखी गुंडाळी करा आणि वरून दाबा. टॉवेल ओला झाला की दुसरा घ्या.

बाजेवरचं वाळवण

ओला स्वेटर दोरीवर टाकू नये, हे ऐकलं की लोक विचारतात, मग कुठे टाकायचा? परदेशात यासाठी जाळीच्या चौकटी विकतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू पिढ्यान् पिढ्या आहे: बाज. सुतळीनं विणलेली बाज सावलीत टाका, वर जुनं धोतर अंथरा आणि स्वेटर सपाट पसरा. खालून-वरून वारा लागतो, भार कुठेच पडत नाही.

आता ती आकृती आणा. कागद बाजूला ठेवून, ओला स्वेटर हळूहळू त्या मापाला दाबून-ओढून आणा. बाही दोन बोटं आखूड वाटली तर आत्ताच ओढायची, वाळल्यावर उपयोग नाही. वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत एका दिवसात वाळतो. ऊन दाखवायचा मोह टाळा. आपल्या उन्हानं पांढरी लोकर पिवळी पडते, रंगीत फिकी होते.

टॅगवर चौकोनात मधोमध एक आडवी रेघ असेल तर तिचा अर्थ हाच, सपाट वाळवा. पाण्याच्या टपात हात दाखवला असेल तर हातानं धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. टपावरच फुली असेल तर घरी धुण्याचा हट्ट करू नये. जरीच्या शाली आणि अस्तराचे कोट ड्रायक्लीनलाच द्यावेत.

हे लोकर आहे तरी का?

इतका खटाटोप करण्याआधी एवढं पाहून घ्यावं. सत्कारात मिळालेल्या शालींतल्या पुष्कळ ॲक्रिलिकच्या असतात, हिवाळ्यात रस्त्याकडेला मिळणारे स्वस्त स्वेटरही. आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली गेली, तर लोकर. वितळून काळा टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिक कशानंही धुवा, फक्त गरम इस्त्री फिरवू नका.

कसर

कपाटात उडणारा बारका सोनेरी पतंग लोकर खात नाही. खाते त्याची अळी. केराटिन पचवू शकणारे जीव थोडे, त्यांतली ही एक. तिला घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर विशेष आवडते. म्हणून न धुता पेटीत टाकलेल्या स्वेटरला कसर आधी लागते, आणि भोकं पडतात तीही बहुधा गळ्याशी किंवा सांडल्या जागी.

कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण भरवसा स्वच्छतेवर ठेवावा. डांबरगोळ्यांबद्दल मला काळजी वाटते ती तान्ह्या बाळांसाठी. काही मुलांच्या रक्तात जी6पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. डांबरगोळ्यांच्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. मोठ्या भावाचं टोपडं-स्वेटर वर्षभर डांबरगोळ्यांत ठेवून धाकट्याला तसंच घालण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. बाळाच्या कपड्यांत त्या घालूच नयेत.

आपल्याकडे याहून चांगला उपाय फुकट मिळतो. 50 अंशांच्या वर काही तास राहिलं की कसरीची अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या घरात असतो. स्वच्छ, कोरडे लोकरी कपडे सुती कापडात गुंडाळायचे, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे आणि एक दुपार गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवायचे. कापडामुळे ऊन थेट लागत नाही, फक्त उष्णता लागते. कपडे नीट वाळलेले असावेत, एवढं पाहायचं. संध्याकाळी निवू द्यायचे आणि मग पेटीत.

आटलेला परत येतो का?

थोडा आटला असेल तर. कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर दोन चमचे मिसळून अर्धा तास भिजवावा, न खळबळता टॉवेलात दाबावा आणि बाजेवर आकृतीच्या मापाला हळूहळू ओढावा. कंडिशनरनं खवले निसरडे होतात, एखाद-दोन इंच मिळतात.

टाकेच दिसेनासे झाले असतील तर नाही. माझ्या स्वेटरला मी तीन वेळा भिजवून ओढलं, काही झालं नाही. पण नमदा झालेल्या लोकरीचा एक गुण आहे. ती कात्रीनं कापली तरी उसवत नाही, कडा शिवाव्या लागत नाहीत. बहिणीनं स्वतःच कात्री चालवली. पाठीच्या तुकड्यातून वडिलांच्या बुटांचे दोन तळवे निघाले, बाह्यांतून पाण्याच्या बाटल्यांची दोन वेष्टनं. गळ्याची दुहेरी पट्टी उरली, ती तिच्या शिवणाच्या डब्यात सुया टोचायला आहे.